गोफणीच्या टप्प्यातला मनोरा

औराद-भालकीकडे किंवा आळंदच्या शिवारात ज्याची जमीन आहे आणि पुण्या-हैदराबादेत ज्याला चार पैसे मिळाले आहेत, अशा माणसाला हटकून दोन गोष्टी सुचतात. आधी शेतात बंगला आणि मग बंगल्याशेजारी सागवानी मनोरा. तीन मजले, वर कौलं, कोरीव कठडा, बसायला वेताच्या खुर्च्या. कशासाठी, तर ‘पाहायला’. काय पाहायला, हे मनोरा झाल्यावर ठरणार असतं. माझं म्हणणं एवढंच, की आधी काय पाहायचं ते ठरवावं आणि तेवढ्याच उंचीचं बांधावं. या भागातला ज्वारीचा शेतकरी नेमकं हेच करत आला. कणसं चिकात आली की तो बाभळीच्या चार मेढी रोवतो, आडव्या दांड्या बांधतो, वर तुराट्या आणि कडबा पसरतो, की माळा तयार. मुलूखच तुरीचा, त्यामुळे तुराट्यांना तोटा नाही. उंचीचा हिशेब सोपा. डोकं कणसांच्या वर निघालं आणि गोफण फिरवताना हात कशाला अडला नाही, की पुरे. त्यासाठी आर्किटेक्ट लागत नाही, पाखरं राखणारा सोकारी लागतो.

उंच गेलं की लांबचं दिसतं, असं कोणी म्हणेल. दिसतं, पण निसर्ग यात फार कंजूष आहे. सपाट रानात क्षितिजाचं अंतर उंचीच्या वर्गमुळाने वाढतं. माळ्यावरच्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४.५ मीटरवर धरले, तर क्षितिज ७.५ किलोमीटरवर येतं. बिदर शहराच्या मधोमध उभा असलेला चौबारा सुमारे ७१ फूट उंच आहे; सपाट जमिनीवरच्या तेवढ्या उंचीवरून हे अंतर १७ किलोमीटरच्या आसपास भरतं. उंची पाचपट, नजर जेमतेम सव्वादोनपट. (चौबाऱ्यावरून प्रत्यक्षात आणखी दिसत असेल, तर ते श्रेय बिदरच्या पठाराचं, गवंड्याचं नव्हे.) शिवाय गोफणीचा दगड काही ७.५ किलोमीटर जात नाही, त्यामुळे टप्प्यापलीकडचे सगळे पोपट शेजाऱ्याचे.

आणि लांबचं दिसून तरी काय साधतं? १६५७ मध्ये औरंगजेबाने बिदरच्या किल्ल्याला वेढा घातला. टेहळणीला बुरूज होते, शत्रू तर डोळ्यांसमोरच तळ ठोकून होता. पाहण्यात कसूर कुठेच नव्हती. तरी २७ दिवसांत किल्ला पडला, कारण भडका उडाला तो किल्ल्यातल्याच दारूसाठ्याचा, आणि किल्लेदार सिद्दी मर्जान त्यात होरपळला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसा बुरुजाखालीही असतो.

‘लाकूड टिकत नाही, वाळवी लागते, सिमेंटचंच बांधा’ हा सल्ला मात्र मला मान्य नाही. याच किल्ल्यातल्या रंगीन महालात सोळाव्या शतकातले, अली बरीदच्या काळातले कोरीव लाकडी खांब अजून उभे आहेत. डोक्यावर छप्पर आणि पायाखाली कोरडा दगड असला की लाकूड माणसापेक्षा फार जास्त जगतं. ते कुजतं ओल्या मातीत गाडल्यावर. त्यातून काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसते रोवलेले सागवानी खांब दोन-चार वर्षांत एकमेकांकडे पाठ फिरवतात. मग माळ्याच्या मेढीही मातीतच असतात, त्यांचं काय? त्या रोवल्या जातात पाऊस संपल्यावर, रब्बीत, आणि सुगी झाली की उपटून गोठ्याच्या आढ्यावर जातात. वाळवीला अर्ज करायलाही वेळ मिळत नाही.

शेवटचा मुद्दा काळविटांचा. बिदरकडे ती आहेत, पाहण्याजोगीही आहेत. पण त्यांच्यासाठी तीन मजले चढायचं कारण नाही. हरभरा पेरा, ती आपणहून येतील आणि पीक संपेपर्यंत दर्शन देतील.

इतकं सांगूनही मनोरा हवाच असेल, तर मुरूम लागेपर्यंत खणा, खांब दगडी बैठकीवर उभे करा, चारही बाजूंना तिरके आधार द्या, छपराच्या वळचणी पुढे काढा आणि उंची माळ्याइतकीच ठेवा. वाचलेल्या पैशांत सोकाऱ्याची मजुरी वाढवा. पाखरं राखायला माणूस मिळेना म्हणून पुष्कळांनी ज्वारी सोडली. मनोरा नव्हता म्हणून कोणी सोडल्याचं ऐकिवात नाही.