लोणावळ्याला भाग जात नाही

डोंबिवलीला स्वतःची संख्या आहे, देवळालीला आहे, आणि आमच्या लोणावळ्याला काय, तर चिक्की! कापरेकर मास्तरांचा यात दोष नाही. फर्ग्युसनात शिकलेल्या या माणसाला नोकरी लागली ती थळघाटापलीकडे, देवळालीच्या शाळेत. तिथे १९६२पर्यंत त्यांनी मुलांना शिकवले आणि उरलेल्या वेळात संख्यांना नावे ठेवली. १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाला (आणि मग आपल्यालाही) मास्तर दिसले.

डोंबिवली स्टेशनात सुचल्या त्या ‘डेम्लो’ संख्या. त्यातली थोरली पाहा: १२३४५६७८९८७६५४३२१. लोहगडासारखी, नवाचा माथा गाठून आल्या वाटेने खाली उतरणारी. नऊ एकांचा हा वर्ग. आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ने हिला नि:शेष भागही जातो. असा भाग जाणाऱ्या संख्येला मास्तर ‘हर्षद’ म्हणत.

मावळाला मास्तरांनी काही दिले नाही, तरी वेलणकरांनी पिनकोड दिला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला तो त्यांच्या डोक्यातून. मग काय, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लोणावळ्याचा ४१०४०१ लिहिला आणि भागाकाराला बसलो. वर्गमूळ ६४०च्या जरा पुढे, म्हणजे त्याआतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे. एकोणिसाने बाकी एक. हळहळलो. ६१९ने बाकी चार. ६३१वर कागद संपला, भाग काही गेला नाही. लोणावळा मूळ संख्या आहे! हे मी घरात जाहीर केले. “शनिवारी भुशी डॅमला निघालेल्या गाड्या आपल्या दारात तुंबतात, त्यांना काही भाग जातो का बघा,” असे आतून उत्तर आले.

खंडाळा ४१०३०१. बेरीज नऊ, नवाने भागले की ४५५८९, बाकी शून्य. म्हणजे हर्षद. बंगलेवाल्यांना तिथे उगीच बरे वाटत नाही.

खरी गंमत कामशेतची. कोणत्याही संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. ४१०३७८ची बेरीज २३. मिळवा, लोणावळा हजर. म्हणजे आमच्या मूळ संख्येलाही जन्मदाता आहे. काही संख्या मात्र अशा कुणाच्याच पोटी येत नाहीत. मास्तरांच्या लेखी त्या ‘स्वयंभू’, ऊर्फ देवळाली संख्या. कामशेतच्या ४१०४०५चा जन्मदाता मी सगळीकडे शोधला. ४१०३५०पासून वरची एकेक संख्या उलटीपालटी केली. नाही म्हणजे नाही.

कामशेत ही माझी सासुरवाडी. तिथे हे सांगायला नको होते, पण इंद्रायणीच्या तांदळाचा भात आणि वर तूप पुढे आल्यावर जीभ सुटते. सासऱ्यांनी सगळा हिशेब शांतपणे ऐकला. “आम्ही स्वयंभू, हे ठाऊकच होतं, जावईबापू. तुमचे वडील कोण निघाले म्हणालात?”

“४१०३७८.”

“असा पिन तरी आहे का हो कुठे?”

वाचकहो, तुम्हीही आपला पिन तपासा. शेवटी सम आकडा किंवा पाच आला, तर मूळ असण्याची आशा सोडा. हर्षद आणि स्वयंभूचे दार मात्र तेव्हाही उघडे असते. आणि सासुरवाडीचा पिन शक्यतो तपासूच नका.