चार बोटं तांदूळ, एक बोट उडीद

मेलबर्न,
भाऊबीज, १५ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप आईस,


गेल्या बुधवारी तुझ्या मेसेजवर दिवसभर एकच टिक दिसली, म्हणून तू मावशीला आणि मावशीने साऱ्या मिरजेला आम्ही बेपत्ता असल्याचं कळवलं, हे बाबांकडून समजलं. आम्ही सुखरूप आहोत. आजारी पडली होती ती फोनची कंपनी. ८ नोव्हेंबरला पहाटे चारच्या सुमारास तिचं नेटवर्क गेलं ते संध्याकाळपर्यंत. सुमारे एक कोटी ग्राहक गप्प झाले. त्यात आम्ही तिघंही, कारण सगळे फोन आणि घरचं वायफाय एकाच स्वस्त प्लॅनमध्ये घ्यायची अक्कल तुझ्या जावयांची.

इथल्या लोकल गाड्यांचा संपर्कही त्याच कंपनीवर चालतो, त्यामुळे पहाटे काही वेळ त्याही थांबल्या. एका बाईंना तर मांजराने उठवलं. त्याला खाऊ घालणारं यंत्र वायफायवर होतं! बिचारं बातम्यांत झळकलं.

आता कारण कळलंय. राउटर नावाच्या यंत्रांकडे एकदम इतकी माहिती आली की स्वतःला वाचवायला त्यांनी आपणच संबंध तोडले. घरात पाहुणे वाढले की आपले बाबा गच्चीवर जातात, तसंच.

त्या दिवशी सकाळी फोन गप्प, म्हणून चिरंजीवांनी मला विचारलं, "आज थंडी आहे का?" म्हटलं, दार उघडून बघ. त्याने दार उघडलं, हात बाहेर काढला आणि विचारलं, "म्हणजे किती डिग्री?"

फराळाचं सामान आणायला गेले तर दुकानातलं कार्डाचं यंत्र बंद. पर्समध्ये रोख म्हणून निघाली ती मी निघताना तू हातावर ठेवलेली पाचशेची नोट. दुकानदार गुजराती, तरी घेईना. शेवटी उधारीवर दिलं. वहीत नाव लिहून घेताना काय खूश होता!

खरी पंचाईत चकलीची. भाजणीचं प्रमाण तुझ्या व्हॉइस नोटमध्ये, आणि ती डाउनलोड होईना. शेजारच्या तमिळ आजींकडे गेले. त्यांना मराठी-इंग्रजी येत नाही, मला तमिळ. त्यांनी चार बोटं तांदळाच्या पिठाकडे दाखवली, एक उडदाच्या. अशी यंदा चकलीऐवजी मुरुक्कू झाली. तुझ्या जावयांनी "आईंसारखीच झालीय" म्हणत डबा संपवला. त्यांना मी काही बोलले नाही, तूही बोलू नकोस.

कंपनीने भरपाई म्हणून २०० जीबी डेटा फुकट दिलाय. इंटरनेट नव्हतं म्हणून आणखी इंटरनेट! चिरंजीव तेव्हापासून खोलीबाहेर आलेले नाहीत.

तेवढं भाजणीचं प्रमाण कागदावर लिहून पाठव. वाटीच्या मापात. "अंदाजाने" आणि "हाताला कळतं गं" असं लिहू नकोस. माझ्या हाताला काही कळत नाही.

तुझी,
बेबी