केबल नावाचा एजंट

वॉकी-टॉकीत चॅनेल भरायचे मार्ग दोन: सेटवरची बटणे आणि प्रोग्रामिंग केबल. बाओफेंग यूव्ही-५आर या सेटमध्ये १२८ चॅनेल मावतात. ते बटणांनी भरायला बसलेला माणूस पाचव्या चॅनेलपर्यंत शांत असतो, दहाव्याला मेन्यूचा क्रमांक विसरतो आणि पंधराव्याला चहा घेऊन आलेल्यावर खेकसतो. सेट एकाहून जास्त असतील तर केबलला पर्याय नाही.

पुणे जिल्ह्यातल्या कामथडी गावाच्या परिसरात ही गरज खरी आहे. जवळच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याचा रस्ता लागतो आणि राजगड-तोरण्याच्या वाटांवर मोबाइलला रेंज असेलच असे नाही. राजगडावर पद्मावती माचीवरच्या मंडळींना संजीवनी माचीवर गेलेल्यांची खबर हवी असते, आणि मध्ये बालेकिल्ल्याचा कातळ उभा असतो. तो अडथळा कोणतीच केबल हटवत नाही. निदान सेट तरी एकाच चॅनेलवर आणि एकाच टोनवर हवेत; टोन लावलेला सेट तोच टोन घेऊन आलेला आवाज तेवढा ऐकवतो. एका सेटवर ८८.५ हर्ट्झचा टोन लावलेला आणि दुसरा कोरा असला, तर एकालाच ऐकू येते. मग समोरचा मुद्दाम उत्तर देत नाही, असा समज होऊन गड उतरेपर्यंत अबोला टिकतो.

केबल दिसायला निव्वळ वायर असते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरची जाड आणि २.५ मिलिमीटरची बारीक अशा दोन पिना. ही केनवूड पद्धतीची जोडी बहुतेक चिनी सेटना चालते; मोटोरोलाच्या अनेक सेटना मात्र त्यांचीच वेगळी केबल लागते. खरी गंमत यूएसबीच्या टोपणात दडलेल्या चिपमध्ये आहे. संगणक यूएसबी बोलतो, सेटला साधी सिरियल बोली कळते, आणि चिप महामार्गालगतच्या प्लॉटच्या एजंटसारखी मध्ये उभी असते. एजंटचेच कागद बोगस निघाले की व्यवहार तिथेच थांबतो.

असे बोगस कागद भरपूर आहेत. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीच्या पीएल२३०३ चिपच्या इतक्या नकला निघाल्या, की कंपनीने ड्रायव्हरमध्येच त्या ओळखायची सोय केली. नक्कल सापडली की विंडोज ‘कोड १०’ दाखवून हात वर करते. नवा ड्रायव्हर जुन्या चिपला ‘२०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा’ असेही सुनावतो. विक्रेता तोवर मोबाइलची कव्हरे विकू लागलेला असतो. एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने तर २०१४ मध्ये नकली चिपा निकामीच करून टाकल्या होत्या. म्हणून निवड करताना अस्सल एफटीडीआय महाग पडली तरी कमी छळते, सीएच३४० ही चिप स्वस्तात बहुधा निभावते, आणि पीएल२३०३ पदरी पडलीच असेल तर जुना ड्रायव्हर शोधावा.

वापराचा क्रम ठरलेला आहे. आधी ड्रायव्हर टाकावा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा आकडा पाहावा. सेट बंद ठेवून पिना खोचाव्यात, मग सेट चालू करावा. ‘रेडिओ उत्तर देत नाही’ असा संदेश आला की माणूस आधी सॉफ्टवेअरला, मग संगणकाला आणि शेवटी चीनला दोष देतो. पुष्कळदा पिन फक्त मिलिमीटरभर बाहेर असते, कारण तिच्याभोवतीचे प्लास्टिक सेटच्या अंगाला अडते. जोर लावून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे. तरीही बसत नसेल तर ब्लेडने ते प्लास्टिक किंचित तासावे.

चर्प हे फुकट सॉफ्टवेअर या कामाला पुरते. सेटमधली माहिती आधी वाचून जपून ठेवावी, त्यानंतर बदल करून परत लिहावी. सेटवरचा दिवा लुकलुकत असताना केबलला हात लावू नये. एका मॉडेलची फाईल दुसऱ्यात ढकलू नये.

केबल सेटला पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवरही नेऊन बसवते. परवाना मात्र तिच्यातून येत नाही. भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर कमी शक्तीचे, मंजुरी मिळालेले सेट परवान्याविना चालतात. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या हौशी रेडिओवाल्यांचा. यूव्ही-५आरमध्ये ४४६ भरले म्हणून तो परवानामुक्त होत नाही.

शेवटी दोन सेट घेऊन दोन्ही बाजूंनी बोलून पाहावे आणि फाईल ठेवून द्यावी. तिला ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘एकदम नवीन’ अशी नावे देऊ नयेत. सेटचे मॉडेल आणि तारीख लिहावी.