कोल्ड रूमचं दार उघडं ठेवून ‘ओके’ शेरा मारणाऱ्या ठेकेदारास खुले पत्र

माननीय ठेकेदार महोदय,

वारणानगरच्या आमच्या छोट्या कोल्ड रूममध्ये तुम्ही वायरलेस सेन्सर बसवलेत. त्या रात्री पडद्यावरचं तापमान ४.१ अंशांवरून तसूभरही हललं नाही. सकाळी दार उघडलं तर कॉम्प्रेसर ट्रिप होऊन पडलेला आणि पनीरची पाकिटं हाताला कोमट. सगळा माल फेकून द्यावा लागला. सेन्सरचे आकडे झेलणाऱ्या हबवरचा हिरवा दिवा मात्र तेव्हाही जळत होता.

तुमचं निदान फोनवरच तयार होतं : सेन्सर खराब, नवे घ्या. घेतले. सेल बदला. बदलले. मग तुमचा माणूस आला, हब बंद-चालू केला, कामाच्या कागदावर सही घेतली आणि गेला. त्यानं तपासलं तेव्हा कोल्ड रूमचं दार उघडं होतं आणि हबच्या पेटीचंही.

खरी मेख पकडली ती आमच्या रात्रपाळीच्या ऑपरेटरनं. दार उघडलं की रीडिंग येतं, लावलं की थांबतं, एवढंच त्यानं वहीत वेळ टाकून लिहून ठेवलं. तुमच्या इंजिनिअरला जे जमलं नाही, ते एका बॉलपेननं झालं.

कोल्ड रूमच्या भिंतीच्या पफ पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो. सेन्सरची २.४ गिगाहर्ट्झची लहर त्यातून पार होत नाही. दार उघडलं तरच तिला वाट मिळते. बाहेर तुम्ही हब लोखंडी पेटीत घातलात, अँटेना वाकवून कॉम्प्रेसरच्या ड्राइव्हच्या केबलींना टायनं बांधलात आणि पेटीला कुलूप लावलंत. वर हब सेन्सरशी ज्यावर बोलतो ते झिगबी चॅनेल १७ आणि पेटीच्याच भिंतीवर ऑफिसचं वायफाय चॅनेल ६. दोन्ही २४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास, एकमेकांच्या उरावर. हब २५ वर नेला असता तर निदान ही कटकट तरी टळली असती. हे सेटिंग करायला पाच मिनिटं लागतात हो!

यातलं काहीही मी एक वेळ पोटात घालीन. पण रीडिंग बंद पडल्यावर जुनाच आकडा ताजा म्हणून दाखवणारा पडदा नाही. पडदा कोरा झाला असता, तर ऑपरेटर थर्मामीटर घेऊन आत गेला असता. त्या ४.१ नं त्याला जागेवर बसवून ठेवलं.

आणि हे कुठं केलंत? वारणा खोऱ्यात! १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पानं इथली सत्तरेक गावं संगणकांनी जोडायला घेतली. २००७ च्या सुमारास त्यातल्या सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर उसाच्या वजनाची माहिती देऊन पाहिली गेली. बिनतारी निरोप इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. चुकीचं वजन दाखवणारा काटा तो एक दिवस खपवून घेत नाही. तुमचा आकडा का घ्यावा?

तुमचं बिल अडवून ठेवलंय. प्रोब आत, ट्रान्समीटर पत्र्याच्या बाहेर, मधलं भोक सील केलेलं, अँटेना पेटीबाहेर. पंधरा मिनिटं रीडिंग आलं नाही की पडदा लाल झाला पाहिजे. हे करा, मग दोन्ही दारं लावून रात्रभराची नोंद काढून दाखवा. सही त्यानंतर मिळेल, आणि ती ऑपरेटर करील.

आपला,
कोल्ड रूमची देखभाल पाहणारा