शेरा

फिकट पिवळा म्हणजे डिपॉझिट आलेलं नाही, पण येईल. गडद पिवळा म्हणजे आलं. पोपटी म्हणजे भांडी परत आली. शेवाळी म्हणजे परत आली, पण मोजायची राहिली. केशरी म्हणजे एक घंगाळ कमी आहे आणि गिऱ्हाईक म्हणतं, ते आमच्याकडे आलंच नव्हतं. गुलाबी म्हणजे नातेवाईक. गुलाबी ओळीत रकमेचा रकाना रिकामा असतो आणि त्यावर घरात चर्चा होत नाही.

आमच्या मंडप-भांड्यांच्या धंद्याचा अख्खा हिशेब या रंगांत होता आणि ही वर्णमाला जगात एकाच माणसाला वाचता येत होती. धंदा दादाचा, गोडाऊन मिरज रस्त्यावर, एक्सेल माझं. मी आयुष्यात भाड्याचं एक पातेलं उचललेलं नाही, पण ते कुठल्या कार्यालयात अडकलंय हे मलाच विचारावं लागायचं. कुणाच्या तरी लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी माझा फोन वाजायचा. मी मुद्दाम चार खुर्च्या ओलांडून बाहेर जायचो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो, "शेवाळी आहे का? मग आधी मोजा. पोपटी करू नका. मी आल्यावर करतो." परत येऊन बसलो की शेजारचे आदरानं सरकायचे. एवढ्याशा आदरावर माणूस कित्येक वर्षं काढू शकतो.

मग दादाची मुलगी पुण्याहून सुट्टीला आली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिनं माझी फाइल उघडली, बराच वेळ वरखाली फिरवली आणि विचारलं, "काका, उद्या तुम्ही गेलात तर?" दादानं वर पाहिलं तशी घाईनं म्हणाली, "म्हणजे गावाला."

हिशेब डेटाबेसमध्ये न्यायचा, हे त्याच संध्याकाळी ठरलं. दादाला पटावं म्हणून तिनं इंग्लंडचं उदाहरण दिलं. २०२० साली तिथं कोविडच्या जवळजवळ सोळा हजार रुग्णांच्या नोंदी राष्ट्रीय आकडेवारीत वेळेवर पोचल्याच नाहीत, कारण त्या एक्सेलच्या जुन्या साच्यातल्या फाइलींत भरल्या जात होत्या. त्या साच्यात ६५,५३६ ओळी मावतात. पुढच्या गळून पडल्या. दादा म्हणाला, "आपल्याकडे तेवढी पातेली नाहीत." पण त्याचा चेहरा गंभीर झाला होता. मी ओळींची संख्या हळूच पाहून घेतली. बरंच अंतर होतं, पण तोवर निर्णय झालेला होता.

तिनं कागदावर चौकोन काढले. ग्राहक, वस्तू, बुकिंग, बुकिंगमधल्या वस्तू, पावत्या. प्रत्येक चौकोन म्हणजे एक टेबल. ग्राहकाचा पत्ता ग्राहकाच्या टेबलात एकदाच लिहायचा, बुकिंगमध्ये फक्त त्याचा क्रमांक टाकायचा. पत्ता बदलला तर एका जागी बदलायचा. माझ्या फाइलीत प्रत्येक बुकिंगच्या ओळीत नाव, पत्ता, फोन नव्यानं लिहिलेले असत, त्यामुळे एकच गृहस्थ एकाच वेळी विश्रामबाग, गावभाग आणि कुपवाड अशा तीन ठिकाणी राहत होते. ही एका जागी एक गोष्ट ठेवायची शिस्त एडगर कॉड नावाच्या माणसाची. आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत काम करताना १९७० साली त्यानं ती एका निबंधात मांडली. मूळचा इंग्लंडचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. विमान हाकलेल्या माणसाला 'अंदाजे' हा शब्द खपत नसणार. आमचा धंदा मात्र अंदाजावरच चालतो, आणि इथं मला तारखांबद्दल बोलायचंय. पुतणी म्हणेल, काका विषय सोडतायत. सोडतोय.

आमच्याकडे बुकिंग घेताना कुणी नेमका आकडा सांगत नाही. 'पातेली ५-६, कढया २-३, झारे १०-१२' असंच लिहिलं जातं, कारण आचारी ठरलेला नसतो आणि नवऱ्याकडच्यांनी माणसं किती आणायची हे त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. आता एक्सेलला '५-६' दिलं की त्याला वाटतं, हा पाच जून. लगेच '०५-जून' लिहून मोकळा होतो. कढया दोन मार्च. झारे दहा डिसेंबर. गोडाऊनमधला पोरगा टेम्पो भरता भरता फोन करतो, "काका, कढया दोन मार्च म्हणजे किती काढू?" त्याचं चुकत नाही. आणि हे सुधारायला जावं, त्या चौकटीला 'बाबा रे, तू साधा आकडा हो' असं सांगावं, तर आणखी मजा. २०१९ सालच्या एका बुकिंगमध्ये आमच्याकडून ४३,६२१ पातेली गेल्याची नोंद आहे. पाच जून २०१९ हा एक्सेलच्या मोजणीत तेवढ्याव्या क्रमांकाचा दिवस. १ जानेवारी १९०० हा पहिला.

त्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० असाही एक दिवस आहे. तो पृथ्वीवर कधी उगवलाच नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण एक्सेलच्या आधी ज्याचं राज्य होतं त्या लोटस १-२-३ नं ते लीप वर्ष धरलं होतं, आणि लोटसच्या फाइली बिनबोभाट उघडाव्यात म्हणून एक्सेलनं ती चूक जाणूनबुजून पुढे चालवली. मी लोटसवर शिकलेला माणूस. धाकट्यानं थोरल्याची चूक न बोलता चालवून घ्यायची, हे घराणं मला फार आवडतं.

आणि हा छळ फक्त भांडीवाल्यांचा नाही. माणसाच्या काही जनुकांची अधिकृत लघुनावं 'मार्च १', 'सेप्ट १' अशी होती. शास्त्रज्ञ ती एक्सेलमध्ये भरायचे आणि एक मार्च, एक सप्टेंबर काढून बसायचे. अखेर २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. 'सेप्ट १'चं 'सेप्टिन १' झालं. एक्सेलमध्ये ही खोड बंद करायची सोय आली २०२३ मध्ये. जनुकं आधी हलली, एक्सेल मागाहून. कढयांचं नाव बदलून हा प्रश्न सुटला असता तर मी आनंदानं बदललं असतं.

बरं, डेटाबेस. तिथं 'संख्या' या रकान्यात पूर्णांकच चालतो, असं तिनं एकदा सांगून ठेवलं. '५-६' दिलं की तो तारीख बनवत नाही, सरळ नाकारतो. "पाच की सहा?" पुतणीनं विचारलं. मी म्हणालो, "लग्नघरात हे आदल्या रात्री ठरतं." तिनं थोडा विचार केला आणि तीन रकाने केले: मागितलेली, पाठवलेली, परत आलेली. मागितलेल्यासाठी किमान आणि कमाल असे आणखी दोन भाग. माझ्या शेवाळी, पोपटी आणि केशरीचा त्या क्षणी निकाल लागला. परत आलेली पाठवलेल्यापेक्षा कमी असली की घंगाळ हरवलंय हे आता कुणालाही कळणार होतं. कुणालाही! माझ्या मते ही फार चुकीची पद्धत आहे.

जुने ग्राहक ताडून पाहायला दिवाणजींच्या वह्या काढल्या. अण्णांच्या काळचे दिवाणजी, काळी टोपी, बारीक अक्षर. कीर्दीत रोजचा व्यवहार आणि खतावणीत प्रत्येकाचं स्वतंत्र पान. कीर्दीत प्रत्येक ओळीला 'खा. पा.' असा एक चिमुकला रकाना आणि त्यात फक्त खतावणीतल्या पानाचा आकडा. पुतणी त्या रकान्यावर बोट ठेवून ओरडली, "काका, ही तर फॉरेन की आहे!" दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा क्रमांक, म्हणजे तिच्या चौकोनांना जोडणाऱ्या त्या सगळ्या रेघा. दिवाणजींकडे पत्ता एकाच पानावर, जमा-नावे चोख, लक्ष्मीपूजनाला वहीवर हळदकुंकू. पुढे पुतणीकडेही सगळं चोख. मधल्या काळाला इतिहासकार अंधारयुग म्हणतील. तेव्हा हिशेब माझ्याकडे होते.

मग दुबार नावं एकत्र करायचं काम सुरू झालं. 'जोशीकाका', 'जोशी सर', 'जोशी दत्तमंदिर', 'जोशी (उशिरा देतात)' या चौघांचा फोन एकच निघाला, ते एक झाले. फोन नंबर एका ग्राहकाला एकच आणि एका नंबराचा ग्राहक एकच, अशी तिनं अट घातली आणि यंत्रानं एकेक जोडी पुढे करायला सुरुवात केली. एका जोडीपाशी आम्ही थांबलो. नंबर एक, नावं दोन. पहिलं नाव गृहस्थाचं: मुलीचं लग्न, ताटं चारशे, गडद पिवळा, पोपटी. दुसरं, वर्षभराच्या आतलं, बाईंचं. कार्य: तेरावं. ताटं साठ. ओळ गुलाबी.

"हे आपले कोण लागतात?"

"कोणी नाही."

"मग गुलाबी का?"

शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, दादानं एका बोटानं टाइप केलं होतं: 'भाडं घेऊ नये. डिपॉझिट नको. कोणी विचारू नये.'

तिच्या टेबलात सवलतीच्या कारणांची यादी होती: नातेवाईक, जुना ग्राहक, मोठी ऑर्डर. ती यादीकडे बघत राहिली. मीही दादाच्या त्या तीन वाक्यांकडे बघत राहिलो. कोणत्या वस्तूला किती भाडं आणि कोणत्या आठवड्यात किती टक्के जास्त, याबद्दल दादा माझ्याशी तासन् तास भांडला आहे. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी ती ओळ गुलाबी केली तेव्हा मलाही वेगळा रंग सुचला नसणार. त्या घरात ज्यांच्या नावावर फोन होता ते गेले आणि बाईंनी त्याच फोनवरून ताटं मागवली, यात 'दुबार' काय होतं? एक्सेलचा मला राग यायचा तो वेडेपणाचा. डेटाबेसचा त्या दिवशी आला तो शहाणपणाचा.

पुतणीनं ती जोडी एक केली नाही. तिनं फोन नंबर एकमेव असण्याची अटच काढून टाकली आणि सवलतीच्या यादीतला रकाना रिकामा राहू दिला. शेरा अक्षर न बदलता उचलला. नंतर बराच वेळ ती मला 'काका, हे बघा' असं काही म्हणाली नाही.

शेवटी परवानग्या वाटायची वेळ आली. दादाला सगळं. गोडाऊनच्या पोराला पाठवलेली आणि परत आलेली. मला 'सिलेक्ट', म्हणजे सगळं वाचायचं, कशालाही हात लावायचा नाही. मी विचारलं, "ज्यानं हे सगळं उभं केलं त्याला नुसतं वाचायला?" ती म्हणाली, "म्हणूनच." मी दोन वेळचं जेवण अबोल्यानं जेवलो. तिसऱ्या वेळी तिनं माघार घेतली आणि मला एका रकान्यापुरती लिहायची परवानगी दिली: शेरा.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी शेरे लिहितो. लग्न कसं झालं, आचारी कोण होता, जिलबी कशी होती, जोशीकाका अजून उशिरा देतात. परवा तिचा निरोप आला, "काका, शेऱ्याला पाचशे अक्षरांची मर्यादा घातली आहे." या मर्यादेविरुद्ध मी सविस्तर उत्तर तिथंच, शेऱ्यात लिहायला घेतलं. डेटाबेसनं ते घेतलं नाही. फार लांब झालं म्हणाला. मग अर्धं जोशीकाकांच्या शेऱ्यात लिहिलं, अर्धं पुढच्या ग्राहकाच्या, आणि पहिल्या भागाखाली खा. पा. टाकून ठेवलं.