पायरीमागे किती डॉलर?

भाऊकाकांचा प्रवास घराबाहेर पडण्याआधीच होऊन जातो. नंतर जायचं ते केवळ पैसे भरलेले असतात म्हणून. बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन ते ह्यूस्टनला मुलाकडे आले, पण तुलनात्मक तक्त्याची सवय काही निवृत्त झाली नाही.

यंदा गॅल्व्हस्टनहून क्रूझ ठरली. सोबत मीही. कोझुमेल, कोस्टा माया, बेलीझ. तिन्ही बंदरांजवळ माया संस्कृतीचे अवशेष. काकूंनी मात्र आधीच बजावलं, "अहो, दगड एकदाच बघेन. बाकीच्या वेळी मी वाळूत बसणार." म्हणजे एकच स्थळ निवडायचं. काकांना आणखी काय हवं!

तक्त्यात भाडं, बसचे तास, जेवण आणि एक खास रकाना : दर पायरी खर्च. तुलुम त्यातच अडकलं. कोझुमेलहून फेरीबोट, मग तासभर बस, समुद्रकाठच्या कड्यावर तटबंदीचं गाव. सगळं झकास, पण वास्तूंवर चढायला बंदी. "शून्यानं भागायचं कसं?" काका हताश झाले. कोझुमेल बेटावरच सान हेर्वासियो आहे. इश्चेल देवीच्या दर्शनाला माया बायका होडीतून समुद्र ओलांडून तिथं यायच्या. काकूंना ते पसंत पडलं; काकांनी एका वाक्यात निकालात काढलं. "इतक्या जवळ आहे, त्यात काय असणार?" कोस्टा मायाजवळच्या चाक्चोबेनला गर्दी कमी, म्हणून तेही संशयास्पद.

उरलं बेलीझ. तिथं शुनान्तुनिच : चाळीस मीटर उंच मंदिर, चढायला मोकळीक, वाटेत हातानं फिरवायच्या चक्रावर चालणारी तर आणि येता-जाता दोन-दोन तास बस. लमानाईला नदीतून जायचं, मगरी, माकडं. त्यात जहाजाची सहल महाग, पण उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरची स्वस्त, पण तिथं जहाज कुणासाठी थांबत नाही. या एका मुद्द्यावर काकांनी बुफेच्या रांगेत, लिफ्टमध्ये, हॉट टबमध्ये उभ्या-बसल्या परिषदा भरवल्या. म्हापशाच्या वेटरलाही सोडलं नाही. तो म्हणाला, "अंकल, ड्यूटी संपेपर्यंत जहाज निघायची वेळ होते. मी बेलीझ नेहमी इथूनच बघतो." काकांनी तक्त्यात त्याच्यासमोर 'अभिप्राय नाही' असं लिहिलं.

निर्णय झाला तेव्हा शुनान्तुनिच भरलं होतं. लमानाईही. राहिलं होतं अल्तुन हा. "माझ्या मनात तेच होतं," काका म्हणाले. काकूंनी वर पाहिलं नाही.

बेलीझला पाणी उथळ, म्हणून जहाज लांब उभं राहतं. छोट्या बोटीनं किनारा, पुढं बस. काकांनी मंदिराच्या पायऱ्या मोजल्या, मध्ये धाप लागली म्हणून पुन्हा मोजल्या. गाइड सांगत होता, १९६८ साली इथं सूर्यदेवाचं जेडमधलं मस्तक सापडलं, वजन चार किलोंहून जास्त. "कुठंय?" ते इथं नाही म्हटल्यावर काकांचा चेहरा पडला. त्यांनी धीर करून विचारलंच, "खरं सांगा, शुनान्तुनिच यापेक्षा भारी आहे का?"

गाइडनं असली माणसं रोज पाहिली असावीत. त्यानं शेजारच्या टपरीवरची बेलिकिन बिअरची बाटली उचलली आणि लेबलावर बोट ठेवलं. तिथं हेच मंदिर छापलेलं होतं. देशभरच्या बाटल्यांवर!

काकांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तरी त्यांनी ताबडतोब एक विकत घेतली. ती रिकामी करण्याचं काम माझ्याकडे आलं. ते मी निष्ठेनं केलं.

रात्री जेवणाच्या टेबलावर लमानाईहून आलेलं एक जोडपं मगरींचे फोटो दाखवत होतं. काकांनी शांतपणे ती बाटली मध्यभागी ठेवली. "तुमच्या लमानाईचं चित्र आहे का हो कुठल्या बाटलीवर?"

"अहो, ती खाली ठेवा आधी," काकू म्हणाल्या. "लोकांना वाटेल, तुम्हीच प्यायलात."