डोळा गुंठ्याचा, हिशोब मंडळाचा

रेल्वेनं बेलापूरला निघालेला पाहुणा बेलापूर स्टेशनात उतरतो आणि पाहतो तर श्रीरामपूर! उपग्रहाची अशी फसगत होत नाही. प्रवराकाठचं प्रत्येक वावर त्याला अक्षांश-रेखांशासकट पाठ. युरोपचे सेंटिनेल-२ हे जोड-उपग्रह जमीन १० बाय १० मीटरच्या चौकोनांत टिपतात. १०० चौरस मीटर म्हणजे, एखादा मीटर इकडेतिकडे, आपला गुंठाच की! ज्या गुंठ्यावरून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्याचं चित्र दर पाच दिवसांनी निघतं. तेही फुकट.

मग वादळानंतर पंचनाम्याला चिखल तुडवत यायचं कशाला, असं मंत्रालयात कुणालाही वाटेल. इथं ऊस आडवा येतो. अगदी शब्दशः. वाऱ्यानं लोळवलेला ऊस मूळ धरून असेल तर हिरवाच राहतो, आणि या उपग्रहांच्या चित्रावरून काढतात तो हिरवेपणाचा निर्देशांक: पानांनी तांबडा प्रकाश किती शोषला, अवरक्त किती परत फेकला. खाली पांगशा फुटतात, उतारा घसरतो, तोडणीवाले नाक मुरडतात. वरून पीक जोमदार! सोयाबीन सडून गवत माजलं तरी तेच. शिवाय नेमका पावसाळ्यात मधे ढग. सेंटिनेल-१ च्या रडारला ढगांआडचं दिसतं, पीक उभं की आडवं याचा अंदाजही त्यावरून बांधता येतो. पण सरकारनं २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानली, तेव्हा निकषांत घातला तो हिरवेपणाच.

तरी माझं भांडण उपग्रहाशी नाही, खालच्या हिशोबाशी आहे. अतिवृष्टी ठरते २४ तासांत ६५ मिलिमीटरवर, तीही महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात. तुमच्या वावरात पडलेला पाऊस बेहिशेबी. पीकविम्यात निदान ७२ तासांत आपल्या शेताची तक्रार करता यायची. २०२५ च्या खरिपापासून राज्यानं ती सोयही काढली. उरला पीक कापणी प्रयोग, म्हणजे मंडळाची सरासरी. आणि त्याच खरिपाच्या सप्टेंबरात पावसानं आमचा जिल्हा झोडपला.

गुंठ्यागुंठ्याचे फोटो काढायचे आणि भरपाई मंडळाच्या मापानं द्यायची, यासाठी अवकाशात जायची गरज नव्हती. मोजायचंच असेल तर वादळानंतर रडारची चित्रं लावा, कुठल्या गटात पीक झोपलंय ते काढा आणि तलाठी-कृषी सहाय्यकांना आधी तिथं धाडा. विम्याचं मापही महसूल मंडळावरून निदान गावावर आणा.

उसाचा प्रश्न मात्र सोपा आहे. राज्याच्या पीकविम्याच्या यादीत तो नाहीच. उपग्रहाला दिसला काय, न दिसला काय.